क्रूझ जहाजावर स्लॉट मशीन खेळताना या चुका टाळा

न्यू जर्सीतील बेयॉनच्या केप लिबर्टी बंदरातून बर्म्युडा किंवा बहामासकडे निघणाऱ्या जहाजांवर आता मराठी कुटुंबे सर्रास भेटतात. भारतातून आलेले आईवडील सोबत असतात, मुलांना शाळेची सुट्टी असते आणि मध्ये एखादा पूर्ण दिवस असा येतो की जहाज कोठेच थांबत नाही. त्या दिवशी जेवणाच्या दालनाकडून नाट्यगृहाकडे जाताना अनेक जहाजांवर कॅसिनो ओलांडूनच जावे लागते, आणि मग 'पाच मिनिटे बसून बघू या' असे म्हणत आयुष्यात कधी जुगार न खेळलेला माणूसही स्लॉट मशीनसमोर, म्हणजे पैसे घालून चाके फिरवायच्या जुगाराच्या यंत्रासमोर, बसतो. खेळावे की खेळू नये हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मात्र जमिनीवरच्या कॅसिनोत सरकारी नियामक असतो, हाकेच्या अंतरावर दुसरा कॅसिनो असतो, खिशात मोजकेच पैसे असतात आणि रात्री घरी परतायचे असते. या चारही गोष्टी आपल्याला नकळत आवर घालत असतात आणि जहाजावर त्यांतली एकही नसते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात.

पहिली चूक म्हणजे न्यू जर्सीतील कॅसिनोंचे शहर असलेल्या ॲटलांटिक सिटीचे नियम जहाजावरही लागू आहेत असे गृहीत धरणे. न्यू जर्सीत स्लॉट मशीनने सैद्धांतिक हिशेबाने लावलेल्या रकमेच्या किमान ८३ टक्के रक्कम खेळाडूंना परत दिली पाहिजे असा नियम आहे. लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात ही किमान मर्यादा ७५ टक्के आहे. जहाज मात्र ज्या देशाचा झेंडा लावते त्या देशाच्या कायद्याखाली चालते, आणि अमेरिकेतून सुटणारी बहुतेक मोठी क्रूझ जहाजे बहामास, पनामा किंवा माल्टा येथे नोंदलेली असतात. ८३ टक्क्यांचा आकडा मनात धरून जहाजावर बसणारा माणूस त्याला लागू नसलेल्या नियमावर विसंबलेला असतो. शिवाय यंत्रे मनासारखी नसली तर रस्ता ओलांडून दुसरीकडे जाण्याची सोयही समुद्रात नसते. म्हणून जहाजावरची यंत्रे जमिनीवरच्यांपेक्षा कमी परतावा देणारी आहेत असे धरूनच खर्चाचा अंदाज बांधावा.

कॅसिनोच्या वेळांबाबतही असाच घोळ होतो. जहाज बंदरात असताना कॅसिनो सहसा बंद असतो आणि किनाऱ्यापासून पुरेसे दूर गेल्यावरच उघडतो. काही ठिकाणी अपवाद आहेत. बर्म्युडाने २०१३ साली कायदा करून परवाना घेतलेल्या जहाजांना बंदरातही रात्री कॅसिनो उघडण्याची मुभा दिली. वेळापत्रक जहाजाच्या ॲपमध्ये रोज पाहावे, एवढे पुरे.

आता सर्वांत महागात पडणाऱ्या गैरसमजाकडे येतो. 'एक सेंटचे मशीन' हे शब्द ऐकून आपण फुटकळ पैशांनी खेळत आहोत असे वाटते. मागच्या एका प्रवासात पुण्याहून आलेली माझी मावशी अशाच एका मशीनसमोर बसली होती. तिने वीस डॉलरची नोट आत घातली होती. मी पोहोचलो तेव्हा मशीनमधून नाणी ओतल्यासारखा आवाज येत होता, पडद्यावर सोनेरी कारंजे उडत होते आणि मावशीने आनंदाने माझा हात धरला. "अरे, लागलं की रे!" मी पडद्याच्या तळाशी पाहिले. तेथे दोन लहान चौकटी होत्या. एकीत लावलेली रक्कम ८८ होती आणि दुसरीत जिंकलेली रक्कम ३०. "मावशी, दर वेळी अठ्ठ्याऐंशी सेंट जात होते. आत्ता तीस परत आले, म्हणजे अठ्ठावन्न गेलेच." तिने चष्मा सारखा केला, खाली वाकून शिल्लक वाचली आणि काही क्षण बोलली नाही. विसातले सहा डॉलर चाळीस सेंट उरले होते, आणि तोवर मशीनने तिच्यासाठी कितीतरी वेळा विजयाची धून वाजवली होती.

या प्रकाराला संशोधकांनी 'विजयाच्या वेशातील तोटा' म्हणावे असे नाव दिले आहे, आणि त्यामागचा हिशेब सर्वांनी एकदा तरी कागदावर मांडावा. एक सेंट ही एका क्रेडिटची किंमत असते. पण मशीनमध्ये पन्नासेक ओळी, म्हणजे चिन्हे जुळली की बक्षीस देणाऱ्या रेषा, असतात आणि सर्व ओळींवर मिळून किमान डाव ५०, ७५ किंवा ८८ क्रेडिटचा असतो. एक स्पिन, म्हणजे चाके एकदा फिरवणे, सहा सेकंदांत होते असे धरले तर तासाला ६०० स्पिन होतात आणि ८८ सेंटच्या डावाने तासाला ५२८ डॉलरची उलाढाल होते. मशीन सरासरी ८८ टक्के परत देते असे मानले, तर या एका तासाची सरासरी किंमत सुमारे ६३ डॉलर येते. दहा सेकंदांना एक स्पिन या गतीने खेळल्यास तीच किंमत ३८ डॉलरवर येते. म्हणून बसण्यापूर्वी 'किमान डाव' ही चौकट वाचावी, आपोआप फिरवण्याचे बटण दाबू नये आणि प्रत्येक स्पिननंतर आवाजाकडे लक्ष न देता शिल्लक रकमेचा आकडा पाहावा. नेवाडाच्या जाहीर आकडेवारीत एक सेंटच्या यंत्रांमध्ये कॅसिनोला राहणारा हिस्सा डॉलरच्या यंत्रांपेक्षा नेहमी अधिक दिसतो. मात्र याचा अर्थ डॉलरचे मशीन स्वस्त पडते असा कोणी काढू नये. तेथे हिस्सा कमी असला तरी प्रत्येक स्पिनला जाणारी रक्कम मोठी असते.

'हे मशीन बराच वेळ लागलेले नाही, म्हणजे आता लागेलच' ही समजूत जमिनीवरही आहे, पण जहाजावर तिला जोडीला आणखी दोन समजुती मिळतात: शेवटच्या रात्री यंत्रे सैल, म्हणजे जास्त बक्षिसे देणारी, केली जातात, आणि लाटांमुळे चाकांवर परिणाम होतो. यंत्राची रचना समजली की या तिन्ही समजुतींचा आधार निघून जातो. १८९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे यांनी तीन चाकांचे यंत्र बनवले तेव्हा निकाल खरोखर चाके कोठे थांबतात यावर ठरत असे. १९८४ साली संशोधक इंगे टेल्नेस यांना चाके कोठे थांबतील हे यादृच्छिक आकड्यांनी ठरवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले, त्यानंतर हे बदलले. आजच्या यंत्रातील चिप अखंडपणे यादृच्छिक आकडे काढत असते, बटण दाबल्याच्या क्षणी जो आकडा असतो त्यावरून निकाल ठरतो, आणि फिरणारी चाके तो ठरलेला निकाल फक्त दाखवतात. त्यामुळे जहाज कितीही डोलले तरी निकाल हलत नाही, मागच्या हजार स्पिनची आठवण यंत्राला नसते, आणि तुम्ही उठल्यावर शेजाऱ्याला त्याच यंत्रावर जॅकपॉट लागला तर तो तुमचा गेला असेही होत नाही. तुम्ही बसून राहिला असता तरी नेमक्या त्याच क्षणी बटण दाबले असते असे नाही.

आता केबिनच्या कार्डाकडे येऊ. माझ्या मते जहाजावर होणाऱ्या नुकसानाचे खरे मूळ येथे आहे. ज्या कार्डाने खोलीचे दार उघडते आणि सरबताचे पैसे नोंदवले जातात, तेच कार्ड अनेक जहाजांवर मशीनमध्येही चालते. सांकेतिक आकडा दाबला की पैसे प्रवासाच्या खात्यातून मशीनमध्ये येतात आणि हाताला नोटेचा स्पर्शही होत नाही. त्यावर पुष्कळ कंपन्या शुल्कही आकारतात, आणि ते साधारण तीन ते पाच टक्क्यांच्या घरात असते. आमच्यासोबतच्या एका मित्राने चार वेळा असे पैसे घेतले आणि प्रत्येक वेळी त्याला आदल्या वेळची रक्कम नीट आठवत नव्हती. शेवटच्या सकाळी सामान दाराबाहेर ठेवल्यानंतर त्याने ॲपमध्ये बिल उघडले, तेव्हा त्याच्या अंदाजापेक्षा दीडशेहून अधिक डॉलर जास्त निघाले. फसवणूक कोणीच केलेली नव्हती. प्रत्येक नोंद बरोबर होती.

यावर उपाय साधा आहे. प्रवासाला निघण्यापूर्वी खेळासाठीची रक्कम ठरवून ती घरूनच रोख न्यावी आणि दिवसांच्या संख्येने पाकिटांत विभागावी. जहाजावर चढल्याबरोबर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन खात्यातून कॅसिनोसाठी पैसे काढण्याची सोय बंद करता येते का, किंवा दैनंदिन मर्यादा घालता येते का, हे विचारावे. घरातील अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांच्या कार्डाबाबत तर हे आवर्जून करावे, कारण न्यू जर्सीच्या कॅसिनोत २१ वर्षांखालील व्यक्तीला खेळता येत नसले तरी कॅरिबियनकडे जाणाऱ्या अनेक जहाजांवर अठराव्या वर्षीच प्रवेश मिळतो. ज्यांनी न्यू जर्सीत स्वतःहून जुगारबंदीच्या यादीत नाव घातले आहे, त्यांनी हेही जाणून घ्यावे की ती यादी त्या राज्याच्या परवानाधारकांसाठी आहे आणि जहाजावर वेगळी विनंती करावी लागते. घरात कोणाला ही ओढ आवरत नसेल तर १-८००-गॅम्बलर या मदतवाहिनीशी बंदर सोडण्यापूर्वीच बोलावे.

मशीनमध्ये कार्ड घालून खेळल्यावर गुण मिळतात आणि पुरेसे गुण झाले की 'मोफत क्रूझ' देऊ केली जाते. हे गुण जिंकण्या-हरण्यावर नव्हे, तर एकूण किती रक्कम फिरवली यावर मोजले जातात. प्रवासाच्या शेवटी थोडे गुण कमी पडत आहेत म्हणून आणखी शंभर-दोनशे डॉलर घालणे हा तोट्याचा व्यवहार आहे, कारण मोफत म्हटलेल्या प्रवासातही कर, बंदरशुल्क आणि बक्षिशी सहसा स्वतःलाच भरावी लागते.

यंत्रच अडले तर काय करावे? पडदा गोठला, नोट अडकली किंवा जिंकलेली रक्कम शिल्लकेत दिसली नाही तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नये आणि जागाही सोडू नये. मदतीचे बटण दाबून कर्मचाऱ्याला बोलवावे, यंत्राचा क्रमांक व वेळ लिहून ठेवावी आणि परवानगी विचारून पडद्याचा फोटो घ्यावा. मोठी रक्कम लागल्यावर यंत्र आपोआप कुलूपबंद होते, तो बिघाड नसतो. कर्मचारी येऊन कागदपत्रे तयार करतो आणि रक्कम हातात देतो. मात्र यंत्रात खरोखर बिघाड झालेला असेल तर सर्व डाव व सर्व बक्षिसे रद्द, असे वाक्य यंत्रांवर लिहिलेले असते. ॲटलांटिक सिटीत असा वाद झाला तर राज्याच्या नियामकाकडे जाता येते. जहाजावर आधी कॅसिनो व्यवस्थापक, मग कंपनी आणि शेवटी तिकिटाच्या करारात लिहिलेले न्यायालय, असा मार्ग आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली कार्निव्हल विरुद्ध शूट या खटल्यात, वॉशिंग्टन राज्यातील प्रवाशांनाही फ्लोरिडातच दावा लावावा लागेल हे तिकिटावरील कलम ग्राह्य धरले होते. तो खटला जहाजावर झालेल्या दुखापतीचा होता, पण तिकिटावरची बारीक अक्षरे किती बांधून घालतात हे त्यातून कळते. म्हणून तक्रार असेल तर जहाज सोडण्यापूर्वी लेखी द्यावी आणि तिची प्रत घ्यावी.

जिंकलेल्या पैशांवरचा कर समुद्रात बुडून जात नाही. अमेरिकी करदात्याच्या स्लॉट बक्षिसाची कंपनीने कर खात्याला कळवण्याची मर्यादा दीर्घकाळ १,२०० डॉलर होती आणि २०२६ पासून ती २,००० डॉलर झाली. कर मात्र त्याखालील रकमेवरही लागू असतो. भारतात राहणाऱ्या व्यक्तीच्या जगभरातील उत्पन्नावर कर असतो, जुगारातील जिंकलेल्या रकमेला ३० टक्के दर व त्यावर उपकर लागतो, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. दहा हजार डॉलरपेक्षा अधिक रोख घेऊन अमेरिकेत उतरताना ती सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे घोषित करावी लागते, त्यामुळे मोठी रक्कम लागली तर धनादेश मिळेल का हे विचारावे.

गोव्यात मांडवीतील तरंगते कॅसिनो पाहिलेल्यांनी तोच अनुभव येथे जोडू नये. ती जहाजे नदीतच असतात, गोव्याच्या १९७६च्या जुगार कायद्यातील दुरुस्तीनुसार राज्याच्या परवान्यावर चालतात आणि पाहुणा त्याच रात्री किनाऱ्यावर परततो.

शेवटची रात्र वेगळी सांभाळावी लागते. मशीनमधून निघालेली पावती किंवा कार्डावर उरलेले क्रेडिट कॅशियरच्या खिडकीतच रोख होते, आणि सकाळी जहाज बंदराला लागते तेव्हा ती खिडकी बंद झालेली असते. तेथे शेवटच्या रात्री मोठी रांग लागते. म्हणून जेवणानंतर लगेच जाऊन हिशेब पुरा करावा, कार्ड मशीनमध्ये राहिले नाही ना हे पाहावे आणि मिळालेले पैसे खिडकीसमोरच मोजून घ्यावेत. मावशीने त्या रात्री आपले सहा डॉलर चाळीस सेंट असेच मोजून घेतले आणि जहाजाच्या दुकानातून बर्म्युडाचे एक चित्रकार्ड विकत घेतले.