नेक्सॉन ईव्ही की विंडसर? शोरूमच्या आधी पार्किंगमध्ये जा

ताई आणि भाऊजींचं ठरलं की पेट्रोलची गाडी काढून आता इलेक्ट्रिक घ्यायची, आणि दोन नावांवर येऊन गाडं अडलं. टाटाची नेक्सॉन ईव्ही आणि एमजीची विंडसर. महिनाभर घरात दुसरा विषय नाही. भाऊजी रात्री जेवण झालं की यूट्यूबवर रिव्ह्यू लावणार, सकाळी चहाला नवीन आकडे सांगणार, आणि ताई दर वेळी एकच विचारणार, "अहो पण चार्ज कुठे करणार?" याचं उत्तर एकाही व्हिडिओत नव्हतं. शेवटी मला बोलावलं, कारण माझ्याकडे दोन वर्षं ईव्ही आहे. आम्ही जे केलं ते त्याच क्रमाने लिहितोय. तुमच्या दोन गाड्या दुसऱ्या असल्या तरी क्रम हाच ठेवा.

पायरी १: टेप आणि इलेक्ट्रिशियन घेऊन खाली उतरा

नेक्सॉन ईव्ही चार मीटरच्या जरा आत बसते, विंडसर ४२९५ मिमी, म्हणजे साधारण एक फूट लांब. कागदावर एक फूट काहीच वाटत नाही पण पुण्यातल्या सोसायटीत दोन खांबांच्या मध्ये तो एक फूट म्हणजे शेजाऱ्यांशी रोजचं भांडण. आम्ही खडूने दोन्ही गाड्यांच्या लांबीच्या रेघा मारल्या, दार उघडायला जागा धरली, मग ताईच्या लक्षात आलं की विंडसर बसते पण मागची डिकी उघडायची तर गाडी उलटी लावावी लागणार. तुमच्याकडे वरखाली होणारं मेकॅनिकल पार्किंग असेल तर त्याच्यावर वजन आणि उंचीची मर्यादा लिहिलेली पाटी असते, तिचा फोटो काढून ठेवा. ईव्ही तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा जड असते आणि त्या फिरत्या पाट्यावर चार्जिंगची वायर कशी नेणार हाही प्रश्न आहेच. तिथेच एक गाडी बाद होऊ शकते, कधीकधी दोन्ही.

आता प्लग. गाडीबरोबर येणारा साधा चार्जर साधारण ३.३ किलोवॅटचा, त्याला आपला मोठा पॉवर प्लग चालतो. पण गीझर वीस मिनिटं चालतो आणि हा चार्जर १४-१५ अँपिअर रात्रभर ओढतो, त्यामुळे जुनी वायर असेल तर प्लग गरम होऊन प्लॅस्टिक पिवळं पडतं. तुमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र वायर (किमान ४ स्क्वेअर एमएम, अंतर जास्त असेल तर ६), स्वतंत्र एमसीबी आणि गळतीला ट्रिप होणारा आरसीसीबी, एवढं करून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड नाही म्हणजे नाही. भिंतीवरचा ७.४ किलोवॅटचा चार्जर हवा असेल तर तो ३२ अँपिअर ओढतो, म्हणजे बहुतेक फ्लॅटना मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. सोसायटीला अर्ज द्या, सोबत इलेक्ट्रिशियनने काढलेलं वायरिंगचं साधं चित्र जोडा, कमिटीला तोंडी सांगितलं की तीन मीटिंगा जातात, कागद दिला की एकीत होतं.

पायरी २: लाईट बिल काढून बसा

हे कुणीच करत नाही. महिन्याला १२०० किलोमीटर फिरणार असाल तर युनिटला साडेसहा-सात किलोमीटर धरा, वर चार्जिंगमध्ये दहा टक्के वाया जातात, म्हणजे महिन्याला दोनशेच्या आसपास युनिट वाढले. महावितरणचे घरगुती स्लॅब १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. ताईकडे १८० युनिट यायचे, ते आता ३८० होणार, म्हणजे वाढलेल्या युनिटांपैकी ऐंशी महागड्या स्लॅबमध्ये. तरी पेट्रोलपेक्षा खूप स्वस्त पडतं, पण "एक रुपयात किलोमीटर" असं जे ऐकवतात ते तुमच्या बिलावर बसवून बघा. वाहन चार्जिंगसाठी वेगळा मीटरही घेता येतो, त्याचा दर वेगळा असतो. ज्यांचं बिल आधीच तीनशेच्या वर आहे त्यांनी तो हिशोब जरूर करावा.

पायरी ३: रेंजचा आकडा कापून वापरा

विंडसरची ३८ युनिटची बॅटरी कंपनीच्या आकड्याने ३३२ किलोमीटर, मोठ्या बॅटरीच्या विंडसर प्रोची ५२.९ युनिटची ४४९, आणि नेक्सॉनची ४५ युनिटवाली ४८९. बॅटरी लहान आणि रेंज मोठी, हे कसं, असं भाऊजींनी विचारलं आणि बरोबर विचारलं. ही रेंज ज्या चाचणीतून येते तिचे दोन भाग असतात, पहिला हळू शहरी, दुसरा जास्त वेगाचा, आणि दुसऱ्या भागातही गाडी ताशी ९० च्या वर जातच नाही. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवायच्या आधी कुठल्या भागाचा आकडा आहे ते विचारा. टाटा स्वतःच नेक्सॉन ४५ साठी रोजच्या वापराचा वेगळा आकडा देते, तो साडेतीनशेच्या आसपास आहे. मी सरळ पाऊणपट करतो आणि त्यातून परत पाचवा हिस्सा राखीव ठेवतो.

आता हे तुमच्या सगळ्यात लांबच्या नेहमीच्या प्रवासावर लावा. नेहमीच्या, वर्षातून एकदाच्या गोवा ट्रिपच्या नाही. ताईचा प्रवास म्हणजे पुणे ते कराड, १६५ किलोमीटर, महिन्यातून एकदा. ३३२ चे पाऊणपट २४९, राखीव सोडून दोनशे. म्हणजे लहान बॅटरीतही न थांबता पोचतात, खंबाटकीचा चढ धरून. चढाला लोक उगाच घाबरतात. पुणं ५६० मीटरवर आणि महाबळेश्वर साधारण १३५० वर, माणसांसकट दोन टनांच्या आतली गाडी तेवढी उचलायला निव्वळ चढाचे चार-साडेचार युनिट लागतात, आणि उतरताना त्यातले बरेच परत बॅटरीत येतात. रेंज खरी खातो तो वेग. ऐंशीला चालवा आणि एकशेदहाला चालवा, फरक डोळ्यांनी दिसतो.

टोलचंही इथेच बघा. महाराष्ट्र सरकारने अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर ईव्हीला टोलमाफी जाहीर केली, अटल सेतूवर ती २२ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाली. पण सातारा रस्त्यावर खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे इथे फास्टॅगमधून पैसे जाणारच, तो राष्ट्रीय महामार्ग आहे. "ईव्हीला टोल नाही" असं शोरूममध्ये सरसकट सांगितलं की मान डोलवून पुढे चला.

पायरी ४: मुक्कामाच्या गावचा प्लग

कराडला पोचले, पण परत यायचं तर रात्रीत गाडी भरली पाहिजे. १६५ किलोमीटरला पंचवीस युनिट गेले असतील, साध्या चार्जरने तासाला तीन युनिट, म्हणजे रात्री नऊला लावली की पहाटे सहाला झाली. म्हणून मी माझी गाडी घेऊन त्यांच्या गावच्या घरी गेलो आणि अंगणातल्या प्लगला चार्जर लावला तर लाल दिवा. दुसऱ्या प्लगला लावला, लाल दिवा. जुन्या घरात तिसऱ्या मोठ्या भोकाच्या मागे वायरच नव्हती, अर्थिंग नुसतं दिसायला, आणि अर्थिंगशिवाय हा चार्जर सुरूच होत नाही. तिथल्या वायरमनला बोलावलं, त्यांनी घरामागे ओलसर जागा बघून खड्डा घेतला, पट्टी उभी केली, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, बादलीभर पाणी ओतलं, वायर ओढून प्लगला आणली. चार्जर लावला, हिरवा. ताईच्या सासूबाई ओट्यावर बसून सगळं बघत होत्या, म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत फ्रिजला हात लावला की झिणझिण्या यायच्या त्या याच्यामुळेच का रे?" हो काकू, याच्यामुळेच.

या एका खड्ड्याने मोठ्या बॅटरीचे जादा पैसे वाचले. गावाला प्लग नसता तर मी मोठी बॅटरीच घ्या म्हटलं असतं.

पायरी ५: घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला मागे बसवा

टेस्ट ड्राइव्हला भाऊजी चालवणार, ताई शेजारी बसणार आणि मागे सेल्समन, हा प्रकार बंद करा. आम्ही काकूंनाच नेलं. ईव्हीची बॅटरी पायाखाली असते, त्यामुळे काही गाड्यांत मागची जमीन वर येते आणि गुडघे उचललेले राहतात, मांडीला आधार मिळत नाही. पाच मिनिटांत कळत नाही, अर्धा तास बसून राहिलं की कळतं. नेक्सॉन मुळात पेट्रोल-डिझेलवर चालणारी म्हणून बनलेली गाडी, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४९८ मिमी. विंडसरचं २७०० आणि मागची पाठ १३५ अंशांपर्यंत कलते. काकू नेक्सॉनमधून उतरल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या, विंडसरमध्ये मात्र त्यांनी चप्पल काढून पाय वर घेतले. तिथे माझ्या मते निम्मा निकाल लागला.

डिकी ३५० लिटर विरुद्ध ६०४ (प्रोमध्ये ५७९). गावाहून येताना तांदळाचं पोतं, गुळाच्या ढेपा आणि शेंगांची पिशवी असते, लिटरचा अर्थ तिथे कळतो.

पण चालवायला मला नेक्सॉनच आवडली, आटोपशीर आहे, शहरात पटकन वळते, खड्ड्यात आत्मविश्वास वाटतो. विंडसरमध्ये बरीचशी कामं त्या १५.६ इंचाच्या स्क्रीनमधून करावी लागतात, चालवताना एसी कमी करायला मेनू शोधायचा हे मला पटत नाही. भाऊजी म्हणाले सवय होईल. होईलही. तुम्ही दोघं नोकरीवाले, एक मूल, म्हातारं माणूस सोबत नाही, असं असेल तर मी डोळे झाकून नेक्सॉन सांगेन.

पायरी ६: भाड्याची बॅटरी नीट समजून घ्या

विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा बॅटरीसकट किंमत १३.५० लाखांपासून होती आणि बॅटरी भाड्याने घेतली तर ९.९९ लाख अधिक किलोमीटरला साडेतीन रुपये. किमती बदलत राहतात, पण गणित करायची पद्धत तीच. फरक ३.५१ लाख, भागिले साडेतीन, म्हणजे एक लाख किलोमीटर. महिन्याला १२०० चालवलं तर सात वर्षं. त्याच्या आत गाडी विकणार असाल किंवा कमी चालवत असाल तर भाडं परवडेल असं वाटतं, पण फायनान्सवाल्याला विचारा की महिन्याचं किमान बिल किती किलोमीटरचं. न चालवलेल्या किलोमीटरचे पैसे भरायचे असतील तर गणित उलटतं. विकताना भाड्याचं काय होतं हेही लेखी घ्या. भाऊजींनी हे सगळं ऐकून बॅटरी विकतच घ्यायची ठरवलं. बॅटरीच्या आजीवन वॉरंटीच्या अटी पण वाचा, ती बऱ्याचदा पहिल्या मालकापुरती असते.

पायरी ७: उरलेलं, पटापट

सुरक्षेला भारत एनकॅपचा, म्हणजे गाडी आपटून घेतलेल्या सरकारी चाचणीचा, निकाल बघा. नेक्सॉन ईव्हीला २०२४ मध्ये ५ स्टार मिळाले, आणि काकूंच्या गुडघ्याइतकंच वजन याला द्यायला हरकत नाही. दुसऱ्या गाडीचा निकाल बुकिंगच्या दिवशी त्यांच्या साइटवर स्वतः शोधा, सेल्समनला विचारू नका. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, ते डिकीचा पत्रा उचलून बघा. तुमच्या जवळच्या वर्कशॉपमध्ये ईव्ही शिकलेला माणूस आहे का ते तिथे जाऊन विचारा.

आणि हायवेवरच्या एकाच चार्जरवर भरवसा ठेवू नका. मी एकदा ११ टक्क्यांवर एका हॉटेलात पोचलो, ॲपमध्ये चार्जर चालू दाखवत होतं, प्रत्यक्षात स्क्रीन काळी आणि वॉचमन म्हणाला, "तीन दिवस झाले साहेब." पुढचा १४ किलोमीटरवर होता, एसी बंद करून साठच्या स्पीडने गेलो, बायको एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून एक चार्जर ठरवला की त्याच्या पुढचा किंवा मागचा दुसरा बघूनच निघतो, आणि दोन-तीन ॲपमध्ये थोडे पैसे घालून ठेवतो.

पायरी ८: ताबा घेताना

ताईने ३८ युनिटची विंडसर घेतली. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी यार्डात जाऊन गाडी कुठल्या महिन्यात बनली ते बघितलं, चारही टायरच्या तारखा बघितल्या, आणि सोबतचा चार्जर डिकीतून काढून तिथल्याच प्लगला लावायला लावला. शोरूमवाले "घरी गेल्यावर लावा ना मॅडम" म्हणत होते. ताई म्हणाली, आमच्या घरचा प्लग चांगला आहे हे मला माहितीये, तुमचा चार्जर चांगला आहे का ते बघायचंय.