सीमाभागातील मराठी शाळांनी मोफत ऑनलाइन साहित्य कसे वापरावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील मराठी माध्यमाच्या शिक्षकांची खरी अडचण पाठ्यक्रमाच्या जुळणीची आहे. इंटरनेटवरील मराठी शैक्षणिक साहित्य बहुतांशी महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांना धरून तयार झालेले असते, आणि आपली मुले परीक्षा देतात ती कर्नाटकाची. म्हणून कोणताही व्हिडिओ किंवा स्वाध्याय वर्गात नेण्यापूर्वी इयत्ता न पाहता संकल्पना पाहावी, हा पहिला नियम समजावा.

उदाहरणच घ्यायचे तर ओहमचा नियम महाराष्ट्रात नववीच्या विज्ञानात ‘धाराविद्युत’ या प्रकरणात येतो, तर कर्नाटकात तो दहावीला शिकवला जातो. गुरुत्वाकर्षणाचे नेमके उलट आहे: तिकडे ते दहावीच्या पहिल्या भागातील पहिले प्रकरण आहे आणि इकडे नववीत येते. हा फरक लक्षात न घेता ‘दहावी विज्ञान, मराठी माध्यम’ असे शोधून मिळेल ते दाखवले, तर परीक्षेला नसलेला भाग शिकवून होतो आणि असलेला राहून जातो. वर्षाच्या सुरुवातीलाच विज्ञान व गणिताच्या शिक्षकांनी एका कागदावर आपली प्रकरणे डावीकडे आणि बालभारतीची समान प्रकरणे, इयत्तेसह, उजवीकडे लिहून काढावीत. बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, त्यामुळे ही तुलना घरबसल्या करता येते. दोन शाळांच्या शिक्षकांनी मिळून केली तर अधिक बरे.

कर्नाटकाची दहावीची गणित व विज्ञानाची पुस्तके एन.सी.ई.आर.टी. या केंद्रीय संस्थेच्या पुस्तकांवर आधारलेली आहेत, याचा फायदा आपल्याकडे पुरेसा घेतला जात नाही असे मला वाटते. एन.सी.ई.आर.टी.च्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांबरोबरच ‘एक्झेम्प्लर’ नावाचे सराव प्रश्नसंच इंग्रजी व हिंदीत विनामूल्य आहेत. शिक्षकांनी त्यांतील निवडक प्रश्न मराठीत उतरवून फळ्यावर दिले, तर एस.एस.एल.सी.च्या (कर्नाटकाच्या दहावीच्या परीक्षेच्या) विद्यार्थ्यांना चांगला सराव मिळतो. नमुना प्रश्नपत्रिका मात्र कर्नाटकाच्या परीक्षा मंडळाच्या संकेतस्थळावरूनच घ्याव्यात.

केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ 2017 मध्ये सुरू झाले. ॲप उघडल्यावर मंडळ, माध्यम आणि इयत्ता विचारली जाते. तेथे प्रथम कर्नाटक राज्य आणि मराठी माध्यम निवडून काय उपलब्ध आहे ते पाहावे. हव्या त्या पाठाला साहित्य न मिळाल्यास प्रोफाइलमध्ये मंडळ बदलून महाराष्ट्र करावे आणि वर सांगितलेल्या प्रकरणांच्या तुलनेनुसार योग्य इयत्तेतील पाठ उघडावा. ही निवड कितीही वेळा बदलता येते. उघडलेला पाठ डाउनलोड करून ठेवला की पुढे नेटवर्कशिवाय चालतो.

विज्ञानासाठी सर्वांत उपयुक्त साधन कोणते असे विचारल्यास मी निःसंशय ‘फेट’चे नाव घेईन. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या या प्रकल्पात भौतिक, रसायन व गणितातील संकल्पनांचे परस्परसंवादी प्रयोग आहेत आणि त्यांतील अनेकांचे मराठीत भाषांतर झालेले आहे. विद्युत मंडल जोडण्याचा प्रयोग उघडून पडद्यावर बॅटरी, रोधक आणि तारा जोडाव्यात, मंडलात अँमीटर लावावा, विभवांतर 9 व्होल्ट आणि रोध 10 ओहम ठेवावा. अँमीटर 0.9 अँपिअर दाखवतो. आता विभवांतर 18 व्होल्ट केल्यास काय दिसेल, हे आकडा बदलण्यापूर्वी विद्यार्थ्यांना वहीत लिहायला सांगावे. मुले आधी अंदाज बांधतात आणि मग पडद्यावर 1.8 पाहतात, तेव्हा नियम पाठ करून घ्यावा लागत नाही. रोध दुप्पट केल्यावर काय होईल, हा पुढचा प्रश्न बहुधा त्यांच्यातूनच येतो.

जांबोटी-कणकुंबीकडच्या जंगलपट्ट्यात, विशेषतः पावसाळ्यात, नेटवर्कवर विसंबून तास आखता येत नाही. फेटचा प्रत्येक प्रयोग एकाच फाइलमध्ये उतरवून घेता येतो व ती फाइल संगणकाच्या साध्या ब्राउझरमध्ये इंटरनेटविना उघडते. तालुक्याच्या गावी गेल्यावर महिन्याभराचे साहित्य उतरवावे, पेन ड्राइव्हवर इयत्तेनुसार फोल्डर करावेत आणि त्याची एक प्रत शाळेच्या संगणकावर ठेवावी. प्रयोगशाळाच नसलेल्या शाळांनी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरील, टाकाऊ वस्तूंपासून करायच्या खेळण्यांच्या कृतीही उतरवून घ्याव्यात. तेथे मराठी पुस्तकेही मोफत आहेत.

शिक्षकांना स्वतः जिओजेब्रा (गणिताची प्रणाली) किंवा लिब्रेऑफिस (लेखन व तक्त्यांची प्रणाली) शिकायचे असल्यास आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प पुरेसा आहे. व्हिडिओ एका बाजूला आणि प्रणाली दुसऱ्या बाजूला उघडून, थांबवत थांबवत, सोबत करत शिकावे.

भाषेच्या बाबतीत सीमाभागाची गरज वेगळी आहे. मराठी माध्यमातील मुलांना कन्नडही शिकायची असते, आणि घरी कन्नड कानावर न पडणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातील धडा एकदम जड जातो. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेने 2015 मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर चित्रकथा वाचन-पातळीनुसार चार गटांत लावलेल्या असून अनेक कथा मराठी व कन्नड दोन्ही भाषांत आहेत. पहिल्या पातळीची कथा आधी मराठीत वाचून घ्यावी, मग तीच चित्रे समोर ठेवून कन्नडमध्ये वाचावी. अर्थ आधीच ठाऊक असल्याने मुलाचे सारे लक्ष लिपी आणि शब्दांवर राहते. या कथा मुक्त परवान्याखाली असल्याने त्यांच्या छापील प्रती वाटण्यास हरकत नाही, मात्र लेखक व चित्रकारांची नावे असलेले पान गाळू नये. एखाद्या चांगल्या कन्नड कथेचे मराठी रूप तेथे नसेल, तर शिक्षकाने खाते उघडून तिथेच भाषांतर करावे व प्रसिद्ध करावे, म्हणजे शेजारच्या शाळेलाही ती कथा दोन्ही भाषांत मिळेल.