रात्री मुंबईत गाडी घेऊन येताय? या चुका टाळा

पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा सुरतेहून गाडी काढणारे बरेच जण मुंबईत रात्रीच पोचायचं ठरवतात. विचार योग्य आहे, कारण दिवसापेक्षा रस्ते मोकळे मिळतात. पण रस्ता मोकळा मिळाला की वेग वाढतो आणि वेग वाढला की फलक वाचायला वेळ उरत नाही. नवखा चालक मुंबईत रात्री चुकतो तो मुख्यतः फाट्यांवर: कोणता पूल चढायचा, कुठे उतरायचं, रेल्वे कुठे ओलांडायची. हे सगळं निघण्याआधी घरी बसून ठरवण्यासारखं आहे.

पत्त्यात पूर्व की पश्चिम हे न विचारणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. मुंबईची उपनगरं रेल्वेमार्गाने दोन भागांत विभागली आहेत. अंधेरी पूर्व आणि अंधेरी पश्चिम यांच्यात नकाशावर चार पावलांचं अंतर दिसलं, तरी मोटारीला पलीकडे जायला पूल किंवा सबवे (रुळांखालचा रस्ता) लागतोच, आणि तो हाताशी असेलच असं नाही. त्यातून जुने पूल पाडून नवे बांधायचं काम चालू आहे. शीव स्थानकाजवळचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये आणि प्रभादेवीचा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये वाहतुकीला बंद झाला. म्हणून यजमानांकडून नुसता पत्ता घेऊ नका. पूर्व की पश्चिम, आणि आज रात्री रेल्वे कोणत्या पुलावरून ओलांडायची, हे दोन्ही विचारून घ्या. तिथल्या माणसाला ते नकाशापेक्षा आधी कळलेलं असतं.

शहराचा सांगाडा डोक्यात नसणं

शहरात उत्तर-दक्षिण दोन मोठे हमरस्ते आहेत. दहिसरहून वांद्र्याकडे येतो तो पश्चिम द्रुतगती महामार्ग. ठाण्याहून शीवकडे येतो तो पूर्व द्रुतगती महामार्ग. या दोघांना आडवे जोडणारे मुख्य रस्ते म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड (सगळे जेव्हीएलआर म्हणतात) आणि सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड. नाशिकहून येणारा ठाण्यातून पूर्व महामार्गाला लागतो, गुजरातकडून येणारा दहिसरला पश्चिम महामार्गावर. पुण्याहून येणाऱ्याला कळंबोलीनंतर दोन पर्याय आहेत. चेंबूर, शीव किंवा उपनगरांत जायचं असेल तर वाशी खाडीपूल. दक्षिण मुंबईत जायचं असेल तर उलव्याकडून समुद्रावरचा अटल सेतू, जो शिवडीला उतरतो आणि तिथून ईस्टर्न फ्रीवेने पी. डिमेलो रोडपर्यंत सिग्नलशिवाय नेतो.

एवढं पक्कं झालं की मार्गावरच्या तीन-चार खुणा ओळीने कागदावर लिहा आणि शेजारी बसणाऱ्याच्या हातात द्या. शेजारच्याने पुढचा फाटा दोन किलोमीटर आधी सांगायचा. फोनकडे चालकाने पाहायचंच नाही.

पुलावर जायचं की पुलाखाली?

पश्चिम महामार्गावर हा प्रश्न वारंवार येतो. फोनमधल्या नकाशाला गाडी उड्डाणपुलावर आहे की खालच्या रस्त्यावर हे नेहमी नीट कळत नाही, म्हणून चुकीच्या पातळीवर असूनही तो खुशाल "सरळ जा" सांगत राहतो. साधा नियम ठेवा: पुढच्याच चौकात वळायचं असेल तर पुलाखालून, नाहीतर पुलावरून. पुलाचा चढ दिसायच्या आत लेन धरा. चढाच्या तोंडाशी शेवटच्या क्षणी आडवं जाणं रात्री सर्वांत घातक, कारण मागून येणारा ट्रक त्या अंतरात थांबू शकत नाही.

फाटा चुकलाच तर पुढे जा. पुलावर किंवा उतारावर गाडी मागे घेऊ नका, कडेला थांबून नकाशाही उघडू नका. पुलावरून उतरा, उजेडात एखाद्या पेट्रोल पंपावर थांबा आणि नव्याने मार्ग लावा. यात फारतर दहा मिनिटं जातात.

कोस्टल रोडवर, म्हणजे वरळीहून मरीन ड्राइव्हकडे समुद्राकाठाने जाणाऱ्या रस्त्यावर, ही काळजी दुप्पट घ्या. वांद्र्याकडून सी लिंकवरून येताना वरळीला उतरायचं असेल तर सी लिंक संपण्याआधीच फलक पाहून लेन धरा. पुढे हाजी अली आणि अमरसन्स उद्यानाजवळ फाटे आहेत. त्यानंतर मलबार हिलखालचा दोन किलोमीटरहून थोडा लांब बोगदा लागतो. त्यात शिरलात की थेट मरीन ड्राइव्हच्या बाजूलाच बाहेर पडाल, आणि आत उपग्रहाचा सिग्नल नसल्याने नकाशा गोठलेला दिसेल. गोंधळू नका, बाहेर आल्यावर तो ताळ्यावर येतो. वेगमर्यादा सरळ भागात ८०, बोगद्यात ६० आणि वळणांवर ४० आहे. कॅमेरे आहेत.

दुचाकीवर असताना मोटारीचा नकाशा लावणं

सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू आणि ईस्टर्न फ्रीवे, चारही ठिकाणी दुचाकीला बंदी आहे. जे. जे. उड्डाणपुलावरही. नकाशात दुचाकीचा पर्याय निवडा, आणि तरीही प्रवेशावरचा फलक वाचा.

विमानतळाचं नाव अर्धवट टाकणं

"मुंबई विमानतळ" एवढंच टाकलं तर अनेकदा चुकीच्या दारात पोचाल. टर्मिनल १ विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला, टर्मिनल २ सहारला. एकातून दुसऱ्यात चालत जाता येत नाही. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं उडू लागली आहेत, आणि तो तर खाडीपलीकडे आहे. तिकिटावर बीओएम लिहिलं असेल तर मुंबई, एनएमआय असेल तर नवी मुंबई.

रात्र म्हणजे रिकामा रस्ता असं धरून चालणं

अवजड वाहनांवर दिवसा गर्दीच्या वेळी निर्बंध असतात, त्यामुळे रात्री तीच जास्त भेटतात. वाशीच्या एपीएमसी बाजाराभोवती पहाटे भाजीपाल्याचे ट्रक, दादरला पहाटे फुलबाजार. रमजानमध्ये मोहम्मद अली रोड उत्तररात्रीपर्यंत माणसांनी भरलेला असतो, तर गणेशोत्सवात लालबाग-परळचा भाग गाडी नेण्याचा नव्हेच. या दिवसांत अटल सेतू किंवा फ्रीवे धरून तो पट्टा टाळावा. शिवडी-वडाळ्याच्या गोदी भागात मागचे दिवे नसलेले ट्रक डावीकडे उभे असतात. तिथे अगदी डावी लेन धरू नका.

मध्यरात्रीनंतर अनेक सिग्नल पिवळे लुकलुकतात. याचा अर्थ वेग कमी करून, दोन्हीकडे पाहून जा. लाल लुकलुकत असेल तर आधी पूर्ण थांबा. आडव्या रस्त्याने येणारा थांबेलच, हे कधीही गृहीत धरू नका.

फास्टॅग आणि टोलबद्दलच्या जुन्या समजुती

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडच्या दोन, अशा पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही. सुट्टे पैसे शोधायला तिथे वेग तोडू नका. सी लिंक आणि अटल सेतूला मात्र टोल आहे. फास्टॅगमध्ये पैसे घरून निघतानाच भरा. रांगेत उभं राहून भरलेली रक्कम लगेच नोंदवली जाईलच असं नाही आणि दुप्पट टोलची वेळ येऊ शकते.

गाडी बंद पडली, पंक्चर झाली

सी लिंक, अटल सेतू आणि फ्रीवेवर थांबायला मनाई आहे, फोटोसाठी तर मुळीच थांबू नका. गाडी खरंच बंद पडली तर धोक्याचे चारही दिवे लावा, जमेल तितकी डावीकडे घ्या, सगळ्यांनी डावीकडून उतरून कठड्याजवळ, गाडीपासून लांब उभं राहा आणि ११२ ला फोन करा. वाहत्या लेनमध्ये टायर बदलू नका. पंक्चर असूनही गाडी चालत असेल, तर रिमचा मोह सोडून हळू चालवत पुलाखाली उतरणं बरं. रिम पुन्हा मिळते.

हे चार दिवे चालत्या गाडीला, बोगद्यात किंवा पावसात लावायची सवय मात्र मोडा. त्यांच्यामुळे तुमचा वळायचा इशारा मागच्याला दिसतच नाही.

पावसाळ्यात अंधेरी सबवे, मिलन सबवे, हिंदमाता आणि गांधी मार्केट इथे पाणी भरतं. मोठ्या भरतीच्या वेळी जोराचा पाऊस असेल तर ते लवकर ओसरत नाही. रात्री पाण्याची खोली डोळ्यांनी कळत नाही. पुढच्या गाडीचं चाक अर्धं बुडताना दिसलं तर वळा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सुरू करू नका: हवेच्या वाटेने आत गेलेलं पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून किंवा ओढून बाहेर काढा.

नाकाबंदीत गडबडणं

वेग कमी करा, हेडलाइट खाली घ्या, आतला दिवा लावा, काच खाली करा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं चालतात, फक्त ती आधी उघडून पाहिलेली असावीत. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मागच्या सीटवरच्यांनाही पट्टा बंधनकारक आहे.

पोचल्यावर कुठेही गाडी लावणं

काही गल्ल्यांत सम-विषम तारखेचं पार्किंग असतं. रात्री अकराला बरोबर बाजूला लावलेली गाडी बारानंतर चुकीच्या बाजूला ठरते, आणि सकाळी ती उचलून नेलेली असते. रात्री उशिरा पोचणार असाल तर दुसऱ्या दिवशीच्या तारखेची बाजू धरा, किंवा सोसायटीत पाहुण्यांची जागा आहे का हे यजमानांना संध्याकाळीच विचारून रखवालदाराकडे गाडीचा नंबर देऊन ठेवायला सांगा.