स्टेरॉइडचा पंप दात घासण्याआधी घ्या

दम्यासाठी रोज घ्यायच्या पंपात बहुधा ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी एक स्टेरॉइड असतं. ‘स्टेरॉइड’ म्हटलं की घरची मंडळी दचकतात, पण ही मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि थेट श्वासनलिकेत जाते. खरी कटकट होते ती तोंडात आणि घशात राहिलेल्या औषधाची. त्यामुळे जिभेवर पांढरी बुरशी येते, आवाज बसतो. म्हणून पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरायची, गुळण्या करायच्या आणि पाणी थुंकून टाकायचं, गिळायचं नाही. पंप ब्रशजवळच ठेवला आणि आधी पंप, मग ब्रश असा क्रम लावला की विसरायला होत नाही.

फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मध्ये बसणारी प्लॅस्टिकची पोकळ नळी, लावाच. घशात कमी साचतं, फुप्फुसात जास्त पोहोचतं. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या. आतून फडक्याने पुसलं तर स्थिर विजेमुळे औषध प्लॅस्टिकलाच चिकटतं. फवारा सावकाश ओढायचा, रोटाहेलरची (कॅप्सूलमधलं औषध ओढायच्या उपकरणाची) पूड मात्र जोरात. दोन्हींत नंतर दहा सेकंद श्वास रोखायचा.

बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. श्वासनलिकांची सूज हळूहळू परत येते, कळतं ते दम्याचा अटॅक आल्यावरच. अटॅकसाठीचा पंप कोणता, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. मोठा डोस वर्षानुवर्षं चालू असेल तर डोळे आणि हाडं तपासून घ्यावीत. मुलांची उंची अधूनमधून मोजावी.