स्पर्धा आधी कागदावर फसते: आयोजकांनो, या चुका टाळा

सिडनी ऑलिंपिक, २०००. महिला जिम्नॅस्टिक्सची सर्व साधनांवरची वैयक्तिक अंतिम फेरी सुरू होती आणि व्हॉल्टवर, म्हणजे धावत येऊन हात टेकून ज्यावरून उडी मारतात त्या साधनावर, एकामागून एक नावाजलेल्या मुली पडत होत्या. बऱ्याच जणींचे प्रयत्न होऊन गेल्यावर एका ऑस्ट्रेलियन खेळाडूला शंका आली. मोजून पाहिलं, तर १२५ सेंटिमीटरवर असायला हवं ते साधन १२० वर लावलेलं निघालं. ज्यांना हवी त्यांना पुन्हा संधी दिली गेली, पण तोवर रशियाची स्वेतलाना खोर्किना व्हॉल्टवर पडून, त्याच मनःस्थितीत पुढच्या साधनावर जाऊन तिथेही पडली होती. तिच्यापुरती स्पर्धा संपली होती.

उंची लावणारा माणूस आहे, तो कधीतरी चुकणारच. पहिली खेळाडू धावण्याआधी दुसऱ्या कुणी पट्टी का लावली नाही, हा खरा प्रश्न. स्पर्धांच्या टेबलावर, म्हणजे गुणलेखन आणि वेळापत्रकाच्या बाजूला, बसून बसून माझं एक मत पक्कं झालंय: स्पर्धेच्या दिवशी जो गोंधळ दिसतो तो आधीच्या महिन्यात कुणीतरी ‘बघू तेव्हा’ म्हणून सोडून दिलेला असतो. खालच्या चुका त्याच ‘बघू तेव्हा’च्या आहेत.

वेळापत्रकात फक्त खेळाचा वेळ धरणं

ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यावर जरा थांबू. समजा १६ संघ आहेत, फुटबॉल आहे, बाद पद्धत आहे. बाद पद्धतीत संघांपेक्षा एक सामना कमी, म्हणजे १५ सामने. प्रत्येक डाव २० मिनिटांचा. आयोजक म्हणतो, ४० मिनिटांचा सामना, एका मैदानावर दहा तासांत उरकेल. पण मध्यंतराची ५ मिनिटं, आधीचा संघ बाहेर जाऊन पुढचा आत येणं, ओळखपत्रं तपासणं, नाणेफेक यांची किमान १० मिनिटं. सामना ५५ मिनिटांचा झाला. पंधरा सामन्यांना ८२५ मिनिटं, म्हणजे पावणेचौदा तास. शेवटचे सामने अंधारात किंवा दुसऱ्या दिवशी.

दोन मैदानं घेतली तर? अर्धा वेळ लागत नाही, थोडा जास्त लागतो, कारण अंतिम सामना एकटाच होतो. पहिली फेरी चार सत्रांत, उपउपांत्य दोन, उपांत्य एक, अंतिम एक. आठ सत्रं, ४४० मिनिटं, सात तास वीस मिनिटं. हे शक्य आहे. फक्त यात अंतिम फेरीत जाणारा संघ एका दिवसात चार सामने खेळतो आणि उपांत्य सामना संपल्या संपल्या अंतिम सामन्याला उभा राहतो. मध्ये विश्रांतीचं एक सत्र घालायलाच हवं. त्या वेळात तिसऱ्या क्रमांकाचा सामना खेळवायचा मोह आवरा. ते दोन संघही आत्ताच उपांत्य सामना खेळून आलेले असतात.

मग हौसेने साखळी पद्धत जाहीर होते. प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळणार म्हटलं की ८ संघांचे २८ सामने होतात आणि १६ संघांचे १२०. एवढे दिवस कुणाकडे नसतात. चार-चारचे चार गट पाडले तर गटातले २४ आणि बाद फेरीचे ७ मिळून ३१. प्रवेश किती संघांना द्यायचा हे उत्साहावर नको, या गणितावर ठरू द्या.

भाग्यपत्रिकेतली, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्या तक्त्यातली, एक हमखास चूक पुढे चाल (न खेळता पुढच्या फेरीत प्रवेश) देण्याची. संघ ११ आले तर वरची जवळची दुपटीची (२, ४, ८, १६ अशी) संख्या १६, फरक ५. म्हणजे पाच संघांना पहिल्याच फेरीत पुढे चाल, उरलेल्या सहांचे तीन सामने, आणि दुसऱ्या फेरीपासून आठ संघ, सगळं सरळ. बरेच जण ११ मधून पाच सामने लावून एकाला पुढे चाल देतात. मग पुढच्या फेरीत सहा, त्यापुढच्या फेरीत तीन. अशा वेळी कुणी तरी एक संघ न खेळताच अंतिम फेरीत जातो आणि भांडण तिथून सुरू होतं.

नियम ‘सगळ्यांना माहीतच आहेत’ असं धरून चालणं

खेळाचे नियम माहीत असतात. स्पर्धेचे नियम कुणालाच माहीत नसतात, कारण ते तुम्ही करायचे असतात. गुण सारखे झाले तर आधी काय बघणार, आपसातला सामना की गोलफरक? तीन संघ सारखे आले तर? पाऊस आला, दोन षटकं राहिली, तर? संघ किती मिनिटं उशिरा आला की सामना गेला? आक्षेप कुठवर, लेखी की तोंडी, निकाल कोण देणार? हे एका पानावर मावतं आणि संघांनी प्रवेश घेतानाच त्यांच्या हातात पडायला हवं.

आणि लिहिलेला नियम उलटा चालवून बघा. १९९४ च्या कॅरिबियन चषकाच्या पात्रता फेरीत बरोबरीत सुटलेल्या सामन्यात जादा वेळ होता आणि त्यातला सुवर्णगोल, म्हणजे सामना तिथेच संपवणारा पहिला गोल, दोन गोलांच्या बरोबरीचा धरला जाणार होता. बार्बाडोसला ग्रेनाडाविरुद्ध दोन गोलांच्या फरकाने जिंकणं गरजेचं होतं. २-० असताना ग्रेनाडाने शेवटी शेवटी एक गोल केला. बार्बाडोसने हिशेब केला आणि मुद्दाम स्वतःच्याच जाळ्यात चेंडू मारून २-२ केलं, म्हणजे जादा वेळ मिळेल. आता एका गोलाने हरूनही ग्रेनाडा पुढे जाणार होता, त्यामुळे त्यांना कुठल्याही गोलात चेंडू गेला तरी चालणार होतं, आणि बार्बाडोसचे खेळाडू दोन्ही गोल राखत पळत होते. शेवटी सुवर्णगोल मारून बार्बाडोस ४-२ जिंकला. खेळाडूंचं काय चुकलं? नियमात जे होतं तेच त्यांनी केलं.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरी बॅडमिंटनच्या आठ खेळाडूंना बाहेर काढावं लागलं, कारण पुढच्या फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून दोन्ही बाजू हरायला बघत होत्या. गटसाखळी ठेवली की हा धोका येतोच. निदान गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू करा. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना दुसरा निकाल आधीच कळलेला होता. १-० झाल्यावर दोघांनी चेंडू नुसता इकडून तिकडे फिरवला, दोघेही पुढे गेले आणि अल्जीरिया घरी गेला. १९८६ पासून विश्वचषकात गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी होतात.

जाता जाता टेबलावरच्यांसाठी. २००३ च्या क्रिकेट विश्वचषकात डर्बनला पाऊस होता आणि दक्षिण आफ्रिकेने डकवर्थ-लुईसचा तक्ता वाचून २२९ ही जिंकण्याची धावसंख्या समजली. ती बरोबरीची होती. षटकार मारून मार्क बाउचरने शेवटचा चेंडू अडवला, सामना बरोबरीत सुटला आणि यजमान स्पर्धेबाहेर. तुमच्या फलकावर ‘बरोबरीला इतके, जिंकायला इतके’ असे दोन आकडे वेगळे लिहा. शाई फुकट जात नाही.

मोजल्याशिवाय अंतर जाहीर करणं

धावण्याच्या शर्यती आता गल्लोगल्ली होतात आणि मार्ग मोबाइलच्या ॲपवर मोजला जातो. उपग्रहावर चालणारं मोजमाप वळणांवर आणि उंच इमारतींमध्ये भरकटतं. प्रमाणित शर्यतींमध्ये मार्ग चाकाला मोजणी-यंत्र लावलेल्या सायकलने मोजतात, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, म्हणजे धावपटू धावू शकेल अशा सर्वांत जवळच्या रेषेने. वर हजारी एक भाग जास्त धरतात, १० किलोमीटरला १० मीटर, की मार्ग चुकून कमी भरू नये. मँचेस्टर मॅरेथॉनचा मार्ग २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षं ३८० मीटर कमी होता हे नंतर उघड झालं, आणि सुमारे २४ हजार धावपटूंची वेळ अधिकृत नोंदीतून गेली. उलट २०२१ मध्ये ब्रायटनला वळणाचा शंकू चुकीच्या जागी ठेवल्याने सगळे ५६८ मीटर जास्त धावले. मार्ग बरोबर मोजलेला, शंकू चुकला! म्हणून शंकू कुठे ठेवायचा याची खूण रस्त्यावर रंगाने आधीच करा, फोटो काढून ठेवा आणि पहाटे मार्ग मोजणाऱ्यालाच एकदा फिरवून आणा.

हवा म्हणजे नशीब, असं समजणं

हवा तुमच्या हातात नाही. पण कुठल्या हवेला काय करायचं, हे हातात आहे. उन्हाळी शर्यत पहाटे किंवा रात्री ठेवली की झालं, असा एक समज असतो. दोहाच्या २०१९ च्या जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली होती, तरी दमटपणामुळे ६८ पैकी २८ जणींनी ती अर्ध्यावर सोडली. घाम सुकत नसेल तर सूर्य नसूनही अंग तापतंच. २००७ मध्ये शिकागोची मॅरेथॉन उष्म्यामुळे मध्येच थांबवावी लागली, आणि काही पाणीकेंद्रांवर पाणी संपल्याच्या तक्रारी झाल्या. मागच्या धावपटूला जास्त वेळ उन्हात राहावं लागतं आणि त्यालाच रिकामे पेले मिळतात, हे मी स्वतः पाहिलंय. पाण्याचा हिशेब पहिल्या हजार जणांवर करू नका.

थंडी त्याहून फसवी. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातल्या १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ जण धावले. वर गारा, पाऊस आणि वारा सुरू झाला. बरेच जण अर्ध्या चड्डीत होते, वारा-पाऊस अडवणारं जाकीट सक्तीच्या सामानात नव्हतं, आणि जिथे ते अडकले तिथे गाडी पोहोचत नव्हती. २१ जण गेले. एक साधं जाकीट आणि ‘या वाऱ्याला शर्यत रद्द’ असा आधीच ठरलेला एक आकडा, दोन्ही नव्हतं तर त्या दिवशी कुणाला धीर होणार होता? प्रायोजक, पाहुणे, गर्दी समोर असताना ‘रद्द’ म्हणायला माणूस धजत नाही. म्हणून हा आकडा आधीच लिहून ठेवायचा आणि रद्द करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला द्यायचा, शक्यतो पैशांचा हिशेब बघत नाही अशा व्यक्तीला. वीज कडाडली की खेळ थांबवायचा, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटांनी परत सुरू करायचा. मध्ये पुन्हा आवाज आला तर घड्याळ पहिल्यापासून.

‘रुग्णवाहिका आहे’ एवढ्यावर समाधान

रुग्णवाहिका असते, बाहेरच्या फाटकाशी, आणि तिच्या पुढे तीन गाड्या उभ्या असतात. हृदय अचानक बंद पडलं आणि कुणी छाती दाबायला घेतली नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. २०२१ च्या जूनमध्ये कोपनहेगनला डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन मैदानात कोसळला. तिथल्या तिथे छाती दाबणं सुरू झालं, विजेचा झटका देणारं यंत्र लावलं गेलं, आणि तो पुढे पुन्हा खेळलाही. तुमच्याकडे ते यंत्र कुठे ठेवलंय, ते वापरता येणारे दोघं कोण, आणि रुग्णवाहिका कुठल्या वाटेने आत येणार, हे तिन्ही मैदानावर चालत जाऊन बघा. नकाशावर सगळी फाटकं उघडी असतात, प्रत्यक्षात एकाला कुलूप असतं.

गर्दीचंही तेच. इंग्लंडमधल्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर १९८९ मध्ये चेंगरून ९७ माणसं गेली त्याआधी बाहेरचा दाब कमी करायला मोठं फाटक उघडलं गेलं होतं, पण आत आलेले लोक आधीच भरलेल्या मधल्या कप्प्याकडे वळले. फाटक उघडायचं तर आत कुठे वाट मोकळी आहे, हे सांगणारा माणूस आत उभा हवा.

पैसे आणि पाहुणे

पैशाबद्दल थोडक्यात: मिळालेलं आश्वासन जमेत धरू नका, हातात आलेली रक्कम धरा. आणि नवं बांधण्याआधी जुनं भाड्याने मिळतं का बघा. माँट्रियलला १९७६ च्या ऑलिंपिकचं कर्ज फेडायला २००६ उजाडलं. लॉस एंजेलिसने १९८४ मध्ये बरीचशी जुनी मैदानं वापरली आणि शिल्लक उरली.

पाहुण्यांचं भाषण सुरुवातीला ठेवलं की पहिला सामना अर्धा तास उशिरा, आणि तो अर्धा तास दिवसभर परत मिळत नाही. पहिला सामना सुरू करा, मध्यंतरात बोलू द्या. ध्वज, राष्ट्रगीत, नावांचे फलक हे मात्र प्रत्यक्ष लावून, दुसऱ्याच्या डोळ्याखाली. २०१२ मध्ये ग्लासगोला महिला फुटबॉलच्या सामन्याआधी पडद्यावर उत्तर कोरियाच्या खेळाडूंच्या शेजारी दक्षिण कोरियाचा ध्वज झळकला. संघ मैदान सोडून गेला आणि सामना तासभर रखडला.

दिवसच बिघडला तर

वेळापत्रक तासभर मागे पडलं की आयोजक हळूच डाव लहान करतात. तसं करू नका. एका संघाला ४० मिनिटं आणि दुसऱ्याला ३० असं झालं की हरलेला तेच धरून बसतो. आधी मध्यंतर कमी करा, मग उपकार्यक्रम, मग तिसऱ्या क्रमांकाचा सामना. डाव लहान करायचाच तर पूर्ण फेरीचा, फेरी सुरू होण्याआधी आणि संघप्रमुखांची सही घेऊन.

निकालावर वाद झाला तर बक्षीस थांबवा, खेळ थांबवू नका. बाकीचे सामने चालू राहू देत, आक्षेप समिती बाजूला बसून निर्णय करते. आणि गुणपत्रिका एकाच प्रतीत कधीही ठेवू नका. एका स्पर्धेत आमच्या टेबलावरचा तक्ता पाण्याच्या बाटलीने भिजला. वाचला तो फक्त दुसऱ्या गुणलेखकाच्या वहीमुळे, जी तो स्वतःच्या हौसेने लिहीत होता. तेव्हापासून ती वही हौसेची राहिली नाही. नेमलेल्या माणसाच्या नावावर असते.