पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांमागे निघण्याआधी

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जा नाहीतर सिंहगडाच्या पायथ्याशी, पण पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात जा आणि नऊच्या आत पोहोचा. ऊन तापलं की ही मंडळी एका जागी ठरत नाहीत. पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा मळकट रंगाचा शर्ट आणि जवळचं स्पष्ट दाखवणारी दुर्बीण एवढं पुरे. जाळी घेऊच नका. चिमटीत धरलं की पंखांवरचे खवले बोटांना लागतात, आणि ते पुन्हा उगवत नाहीत.

खरी तयारी आदल्या आठवड्यात, झाडांपासून करा. टाकळा, बहावा, वाघाटी आणि आंब्यावरचं बांडगूळ, एवढी चार लांबून ओळखता आली पाहिजेत. टाकळ्याच्या कोवळ्या पानावर तांदळाच्या कणीसारखं एकच उभं अंडं दिसलं, तर ते बहुधा ग्रास यलो या लहान पिवळ्या फुलपाखराचं. बहाव्याभोवती एमिग्रंट फुलपाखरं घिरट्या घालतात, आणि बांडगूळ असेल तिथे हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू भेटतं. हे उडताना वरून पांढरं दिसतं. बसून पंख मिटले की हळदीचा पिवळा आणि कडेला कुंकवाचे ठिपके. म्हणून फोटो काढायचा तो मिटलेल्या पंखांचाच, अगदी बाजूने. यात आळस केलात तर घरी येऊन नुसतं 'पिवळं फुलपाखरू' हातात राहतं.

ग्रास यलोमध्ये तर सगळा निकाल ठिपक्यांवर लागतो. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मुळाजवळच्या कप्प्यात सहसा दोन ठिपके असतील तर कॉमन, तीन असतील तर थ्री-स्पॉट. फोटो मोठा करून मोजा. कॉमन एमिग्रंटची रूपं अनेक, काहींच्या खालच्या बाजूला लाल कडेचे रुपेरी ठिपके, काही अगदी कोरी; त्यामुळे एका फोटोवरून ठाम नाव देण्याची घाई नको. मॉटल्ड एमिग्रंटची खालची बाजू हिरवट, बारीक तपकिरी रेघोट्यांची.

जमिनीलगत, सावलीत, थकल्यासारखं तरंगणारं इवलं पांढरं दिसलं आणि पुढच्या पंखावर एक काळा ठिपका असला, तर ते सायकी. त्याच्यामागे धावू नका, वाटेवर बसून राहा.

वहीत वेळ, जागा आणि जवळचं झाड लिहाच. ओल्या मातीवर थवा जमला असेल तर चार पावलं अलीकडेच थांबा, सावली त्यांच्यावर पडू देऊ नका.