शहीद द्वीपवर वर्षभर राहायचं तर: पाणी, दमट हवा आणि ओहोटी

अंदमानातलं शहीद द्वीप, म्हणजे डिसेंबर २०१८ पर्यंतचं नील बेट, सायकलवर अर्ध्या दिवसात पालथं घालता येतं. पर्यटक दोन रात्री राहतात, भरतपूर आणि लक्ष्मणपूरचे किनारे बघतात आणि जातात. पण नोकरीनिमित्त किंवा घरून काम करत इथे संसार मांडायचा असेल, तर तयारी वेगळी लागते.

सुरुवात घड्याळापासून. वेळ भारताचीच, पण बेट मुंबईच्या जवळजवळ २० अंश पूर्वेला. त्यामुळे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे १ तास २० मिनिटं आधी उगवतो. जूनमध्ये पाचच्या सुमारास लख्ख उजाडतं आणि डिसेंबरात सव्वापाचच्या आत सूर्य मावळतो. मुंबईच्या सवयीने आठला उठलात तर दिवसाचा सगळ्यात सुंदर आणि सोसवणारा भाग हातातून गेला. भाजी, मासळी, कपडे, सायकलवरची कामं नऊच्या आत उरका. बारा ते तीन घरात राहा.

बोट आणि साठा

श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, इथल्या फिनिक्स बे जेटीवरून सरकारी बोट साधारण दोन तासांत येते. हवा बिघडली की ती रद्द होते, कधी सलग दोन-तीन दिवस. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर असतो आणि मे, ऑक्टोबर, नोव्हेंबर हे वादळांचे महिने. या काळात तांदूळ, डाळ, पीठ, तेल आणि गॅस किमान तीन आठवड्यांचा घरात हवा, रोजची औषधं महिन्याची. रोख पैसेही ठेवा, कारण एटीएम रिकामं झालं तर ते भरणारी माणसंही बोटीनेच येतात. विमान पकडायचं असेल तर आदल्या दिवशीच श्री विजयपुरमला पोहोचा. सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान गाठायचा हिशेब पावसाळ्यात फसतो.

ताज्या भाजीची मात्र चिंता नको. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांनी इथली शेती उभी केली आणि आजूबाजूच्या बेटांनाही इथून भाजी जाते. बाजारात हिंदी चालते. 'दादा', 'दीदी' म्हणून विचारलंत तर उद्या कोणाच्या शेतात काय निघणार हेही कळतं.

पाणी

वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो आणि तरीही जानेवारी ते एप्रिल पाण्याची ओढाताण होते. बेटावर नदी नाही. विहिरीचं गोडं पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगत असतं. पंप लावून एका दमात उपसा केला की खालचं खारं पाणी वर चढतं आणि मग विहीर पूर्ववत व्हायला पावसाळ्याचीच वाट बघावी लागते. म्हणून सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं उपसा. साबणाला फेस येईना, डाळ शिजेना, की उपसा लगेच कमी करायचा.

पिण्यासाठी छपरावरचं पाणी सर्वांत चांगलं. हिशेब सोपा आहे: १ चौरस मीटर छपरावर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. ४० चौरस मीटरच्या पत्र्यावर १०० मिमी पाऊस पडला तर ४००० लिटर, उडून-सांडून जाणारं वजा करून ३२०० धरा. दोन माणसांना पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला २० लिटर लागतं, म्हणजे ९० कोरड्या दिवसांना १८०० लिटर. २००० लिटरची काळी टाकी पुरते, अट एकच: ती डिसेंबरअखेर काठोकाठ भरलेली हवी. आंघोळ आणि धुणं विहिरीवर.

पहिल्या सरीबरोबर धूळ, पाखरांची घाण आणि मीठ खाली येतं. ते टाकीत जाऊ नये म्हणून पन्हळीच्या उतरत्या पाइपला टाकीच्या आधी एक फाटा काढून त्याखाली ५० लिटरचा झाकणबंद पिंप लावा. पिंप भरला की पुढचं पाणी आपोआप टाकीकडे वळतं. चार इंची पाइपच उभा करून हे काम करतात, पण त्यात मीटरला जेमतेम ८ लिटर मावतं, म्हणजे ५० लिटरसाठी सव्वासहा मीटर पाइप लागेल. पिंपाच्या तळाला बारीक भोक ठेवा, म्हणजे दोन पावसांच्या मधे तो ठिबकून रिकामा होईल. नेमकं हेच भोक पानांच्या गाळाने बुजतं, पिंप भरलेलाच राहतो आणि पुढच्या पावसाची घाण थेट टाकीत जाते. पावसाळ्यात दर आठवड्याला काडी घालून बघाच. टाकीच्या झाकणाला आणि वरच्या निचरा पाइपला बारीक जाळी हवी, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतील.

१००० लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीभर पाण्यात कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. प्यायचं पाणी तरीही उकळा. दमट हवेत उघडी राहिलेली पावडर महिन्याभरात निकामी होऊ लागते. वास मंदावला की ती टाकून द्या.

दमट हवा

बुरशी कपाटातूनच सुरू होते, कारण तिथे हवा खेळत नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, दारं जाळीची ठेवा आणि चामड्याच्या वस्तू आणूच नका. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात पांढऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा. ती महिन्यातून एकदा मंद आचेवर तासभर तापवून कोरडी करता येते. निळ्या रंगाच्या सिलिकेत बहुधा कोबाल्ट असतं, तिला स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. रवा आणि पोहे आणल्या दिवशीच कोरडे भाजून डब्यात भरा. बिजागऱ्या, कुलपं, सायकलची साखळी यांना दर पंधरवड्याला तेल. तेलाआधी गोड्या पाण्याने धुऊन सुकवायला विसरू नका, नाहीतर मीठ तेलाखाली अडकून गंज चालूच राहतो.

उशीखाली, ओल्या टॉवेलमध्ये आणि बुटांत घोण, म्हणजे विषारी गोम, दडते. इथली घोण मोठी आणि तिचा दंश फार वेदनादायक. रात्री अंथरूण झटकणं, सकाळी बूट उलटे करून आपटणं ही सवय पहिल्याच दिवशी लावा.

ओहोटीची चाल

लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर प्रवाळ-खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिच्या आसपासची डबकी म्हणजे या बेटाचं खरं वैभव: समुद्रकाकड्या, निळ्या-जांभळ्या ओठांचे मोठे शिंपले, खडकाच्या फटीत दबा धरलेले खेकडे. पण तिथवर पोहोचता येतं ते फक्त ओहोटीला.

कोकणात तिथीला तिनाने गुणून चाराने भागतात आणि मुंबईच्या भरतीची वेळ काढतात. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण (सर्वांत मोठी भरती-ओहोटी) आणि अष्टमीचा भांग (सर्वांत लहान भरती-ओहोटी) इथेही तसाच असतो, रोज भरती पाऊण तासाने, नेमकं सांगायचं तर सुमारे ५० मिनिटांनी, पुढे सरकते तीही तशीच. सुरुवातीची वेळ मात्र वेगळी. म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाच्या तक्त्यात पोर्ट ब्लेअरची वेळ बघा, किंवा एक दिवस स्वतः नोंदवा आणि पुढे रोज ५० मिनिटं मिळवत जा. ओहोटीची उंची अर्ध्या मीटरच्या खाली असेल तोच दिवस निवडा. भांगाच्या दिवसांत डबकी उघडी पडतच नाहीत.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. उधाणाला फरक १.८ मीटरचा धरला तर सहा तासांत ते अनुक्रमे १५, ३०, ४५, ४५, ३०, १५ सेंटिमीटर चढतं. पहिला तास इतका सावकाश जातो की माणूस निर्धास्त होतो आणि तिसऱ्या तासात परतीची वाट बुडते. ओहोटी साडेसातची असेल तर सव्वासहाला किनाऱ्यावर हजर राहा आणि आठला मागे फिरा.

पायांत जाड रबरी तळव्याचे, पाय पूर्ण झाकणारे बूट हवेत. चप्पल खडकात अडकून निघते आणि प्रवाळाची जखम दिवसेंदिवस चिघळत राहते. ओरखडा उठलाच तर गोडं पाणी आणि साबण लावून चोळून धुवा, आत राहिलेला कणच पू करतो. पाऊल वाळूवर किंवा उघड्या खडकावर टाका, जिवंत प्रवाळावर कधीही नाही. वर्षांची वाढ एका पावलाखाली मोडते. दगड उचलून पाहिलात तर त्याच बाजूने परत ठेवा, कारण खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. फटीत बोटं घालू नका. स्टोनफिश या विषारी माशाचा काटा लागला तर सोसेल इतक्या, साधारण ४५ अंशांच्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवा आणि तडक आरोग्य केंद्र गाठा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या माणसाने हाताने तपासावं, कारण दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही.

शंख, शिंपले, मेलेलं प्रवाळ, काहीही घरी आणायचं नाही. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि रिकामा शंख शंखखेकड्याचं पुढचं घर असतं. संधिप्रकाशात वाळूतल्या बारीक माश्या चावतात, तेव्हा पायांना खोबरेल तेलाचा जाड थर लावा आणि खाजवू नका. तिवरांच्या खाडीत पोहणं पूर्ण वर्ज्य, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. स्वच्छ किनाऱ्यावरही अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नका.

शेवटची तयारी भूकंपाची. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी या बेटसमूहाने भोगली आहे. उभं राहणं कठीण व्हावं इतका किंवा २० सेकंदांहून जास्त टिकणारा धक्का बसला, किंवा अवेळी समुद्र लांब मागे हटला, तर भोंग्याची वाट न बघता चढावर चालू लागा. सामान आणि सायकल सोडून द्या. पहिल्या लाटेनंतर उतरू नका, नंतरच्या लाटा मोठ्या असू शकतात आणि त्या कित्येक तास येत राहतात. घरापासून उंचावर जाणारी वाट मुक्कामाच्या पहिल्याच आठवड्यात एकदा दिवसा आणि एकदा रात्री बॅटरी घेऊन चालून बघा, किती मिनिटं लागतात ते दारामागे लिहून ठेवा.